काचेचे डोळे

बाबा संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून त्यांना उभं करायचे. त्यांचा ससाणा तिथे आजही रोखून बघत बसलाय. लहानपणी मी त्याच्यासमोरून हलायची नाही. मग बाबा माझा कान धरून मला शेजारच्या कपाटाकडे न्यायचे. तिथे जमिनीवर पळणाऱ्या जातीचा एक काळा भुंगेरा टाचणीने टोचून लावलेला होता.

“याला नीट बघ,” ते म्हणायचे. “ससाण्याच्या आत नुसता पेंढा आणि तारा. डोळे काचेचे, मीच ड्रॉवरमधून निवडून बसवलेले. हा मात्र नखशिखान्त स्वतःचा आहे. डोळेसुद्धा त्याचेच.”

मला ते इतकं पटलं, की पुढे कुणालाही संग्रहालयात नेलं तरी मी आधी भुंगेराच दाखवायची आणि वर शहाणपणही शिकवायची.

बाबा गेल्यावर परवा मी पहिल्यांदाच तिकीट काढून आत गेले. ससाण्याचा डावा डोळा किंचित बारीक आहे, हे इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून बाबा माझ्याकडे असेच बघायचे.

भुंगेऱ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. असेल तो अस्सल. त्याच्यात बाबांचं काय आहे?