स्लॅबखालचं पाणी

"मोटार गेली, सिस्टर. वाइंडिंगचा पार कोळसा झालाय," मोटारवाला म्हणाला आणि काळे हात पँटला पुसत उठला.

"मग बादलीनं काढते पाणी. विहीर तर भरलेली आहे."

मोटारवाल्यानं आधी तिच्या नवऱ्याकडं पाहिलं, मग मोटार ज्यावर बसवली होती त्या सिमेंटकडं. "बादली काय या भोकातून सोडणार?"

परसात विहीर होती, पण ती कुणाला दिसायची नाही. तिच्या तोंडावर जाडजूड स्लॅब होता आणि त्यात पाइप जाईल एवढंच भोक. सिस्टर या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून त्या स्लॅबवर गाद्या वाळवत होती. खाली पाणी आहे हे तिला नळ सोडला की आठवायचं.

"अहो, मग फोडून घेऊ या ना एका बाजूनं."

"दादा आहेत तोवर स्लॅबला हात लावायचा नाही," नवरा म्हणाला.

"दादांना आता कुठं कळतंय?"

"नाही म्हटलं ना."

विषय संपला. या घरात सगळे विषय असेच संपायचे, तोंडावर स्लॅब टाकून.

मोटारवाल्यानं मोटार पोत्यात भरली. "रिवाइंडिंगला टाकतो. तोवर गल्लीच्या नळावर उभ्या राहा, तेवढेच पाय मोकळे होतील." स्वतःच्याच विनोदावर हसत तो गेला.

सिस्टर सरकारी दवाखान्यात नोकरीला होती. गल्ली तिला सिस्टर म्हणायची आणि चारचौघांत नवराही. दवाखान्यात ती परक्यांचं काढायची, घरी सासऱ्याचं. दादांना अर्धांगवायू होऊन बरेच महिने झाले होते. अंथरुणाला खिळलेला माणूस असलेल्या घरात पाणी बंद होणं म्हणजे काय, हे सांगून कळत नाही, वासानं कळतं. दुपारपर्यंत तिनं पाण्याच्या पायऱ्या लावल्या. भांडी विसळलेलं पाणी फडक्यांना, फडक्यांचं पाणी मोरीला, मोरीचं संडासाला. टाकीच्या तळाचा गाळसुद्धा तिनं काढून वापरला. मग बादली उचलली आणि नळावर गेली.

"अगं बाई! बंगल्याची बादली लायनीत!" कुणीतरी ओरडलं. "सरका गं, धक्का लागला तर रंग उडेल तिचा."

"मोटार जळली वाटतं."

"जळणारच. कुणाकुणाचे तळतळाट पितेय ती."

सिस्टर खाली मान घालून उभी राहिली. पुढं शेजारची इस्त्रीवाली होती. ती हसली नाही, बोललीही नाही. तिनं आपला हंडा पायानं बाजूला सारला आणि सिस्टरची बादली तोटीखाली येईल एवढी जागा केली. मागं वळून न बघता.

घरी आल्यावर तिनं दादांच्या ओठांना चमचा लावला. दादांनी तोंड मिटून घेतलं.

"दादा, पाणी आहे. घ्या."

"कप्पी वाजतेय."

"कुठली कप्पी?"

"विहिरीवरची. ऐक." त्यांचा चांगला डोळा परसाच्या खिडकीकडं वळला. "पोरगी उभी आहे. आधी तिला भरू दे. मग मी."

सिस्टरनं खिडकीतून पाहिलं. ऊन होतं, स्लॅब होता, पाइपाचं भोक होतं. कप्पी कुठली असणार? तिला टांगायला खांबसुद्धा नव्हता.

"अहो, कुठली पोरगी म्हणतायत दादा?"

"आजारपणात बरळतात माणसं," नवरा म्हणाला. "तू नर्स ना? तुला मी सांगायचं?" पण बोलताना त्यानं पायांत चपला सरकवल्या आणि तो बाहेर निघून गेला. काम कुठलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दादांनी थेंबही घेतला नाही. जीभ चामड्यासारखी झाली. सिस्टरनं सलाइन लावलं, तर त्यांनी चालत्या हातानं सुई उपटली. चादरीवर रक्ताचा डाग पडला आणि तो धुवायलाही पाणी नव्हतं. आता उशीर झाला तर पुढं काय होतं हे तिला पाठ होतं. मग तिनं दवाखान्यातली युक्ती केली. परसात जाऊन रिकामी बादली स्लॅबवर दोन-तीनदा आपटली आणि आत येऊन म्हणाली, "भरलं हो तिनं. गेली घरी."

दादा हसल्यासारखे झाले. "गेली असती तर कप्पी थांबली असती."

सिस्टर स्वतः कान देऊन ऐकत होती, हे तिला तेव्हाच कळलं. घर किती गप्प आहे! रोज सकाळ-संध्याकाळ मोटारीची घरघर भिंतींत भरलेली असायची. टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहू लागलं तरी दादा बंद करू द्यायचे नाहीत, "चालू राहू दे" म्हणून ओरडायचे. तिला वाटायचं, म्हाताऱ्याचा माज आहे. आता तिला कळलं, मोटार पाण्यासाठी चालत नव्हती, कप्पी ऐकू येऊ नये म्हणून चालत होती.

ती तडक इस्त्रीवालीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"पाणी हवंय? न्या की. नळ काय माझ्या बापाचा आहे?" इस्त्रीवाली कुणाच्या तरी शर्टावर पाणी शिंपडत म्हणाली.

"पाणी नको, मावशी. दादा पीत नाहीत. कप्पी वाजतेय म्हणतात. आधी तिला भरू दे म्हणतात. तिला म्हणजे कुणाला?"

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली.

"तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"कसं सांगतील." तिनं शर्टाची कॉलर सरळ केली. "ती विहीर साऱ्या गल्लीची होती. म्हणजे जागा त्यांची, पण पाणी सगळ्यांचं. दादांच्या आईचा नियम होता, लहान भांडं आधी. रांग कितीही असो, ज्या पोराच्या हातात लहान भांडं ते आधी भरणार आणि घरी जाणार. माझ्या पोरीची कळशी सगळ्यांत लहान. म्हातारी गेली, मोटार आली. लाइटबिल मी भरतो तर पाणी माझं, म्हणाले दादा. कप्पी काढली, स्लॅब टाकला. त्या उन्हाळ्यात पोरं खाणीतल्या पाण्यावर जायला लागली. माझी घसरली."

याला कुणी खून म्हणत नाही. घराची सोय म्हणतात. गल्लीला नळ आला तो त्यानंतर. आपल्याकडं एखादं पोर बुडाल्याशिवाय पाइप पुढं सरकत नाही.

तरी सिस्टर बोलली. कारण घरात माणूस वाळत होता. "मावशी, तुम्ही येऊन एवढंच सांगा, भरलं म्हणून. तुमचं ते ऐकतील."

"खोटं सांगू?"

"हो."

"दवाखान्यात तुम्ही सांगता असं?"

"रोज सांगते."

"बरी नोकरी आहे," इस्त्रीवाली म्हणाली. पण तिनं शर्टाची घडी घातली, इस्त्री बंद केली आणि पदर खोचून निघाली.

त्या घराच्या पुढच्या दारानं ती पहिल्यांदाच आत आली. नवरा उंबऱ्यात उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला. दादांनी डोळा उघडला.

"कोण?"

"कळशीवालीची आई."

"भरलं का तिनं?"

नवऱ्यानं मागून मान हलवली, हो म्हणा, हो म्हणा.

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "कशी भरेल? तुम्ही झाकण घातलंत. ती खाणीत गेली. तुम्हाला ठाऊक आहे."

"मावशी!" सिस्टर पुढं झाली.

दादांचा डोळा परसाच्या खिडकीकडं वळला. "मग ही कप्पी वाजते ती?"

इस्त्रीवाली कॉटच्या कडेला खाली बसली. इतका वेळ ताठ असलेला तिचा आवाज एकाएकी बसला.

"खरंच वाजते?"

"वाजते."

"आत्ता?"

"आत्ता."

"मी भिंतीला कान लावून बसते हो. इतकी वर्षं झाली. मला एकदासुद्धा ऐकू आली नाही." ती दादांकडं एकटक बघत होती, पण त्या नजरेत राग नव्हता. दुसऱ्याच्या ताटाकडं उपाशी माणूस बघतो तशी ती बघत होती. "तुमच्याकडं येते होय ती! आईला सोडून तुमच्याकडं!"

मग तिनं सिस्टरच्या हातून चमचा घेतला.

"प्या. घसा ओला करा आणि मला सांगा. जोरात ओढते का? का दमल्यासारखी?"

दादांनी तोंड उघडलं. पाणी अर्धं आत गेलं, अर्धं गालावरून उशीत. "दमल्यासारखी," ते म्हणाले.

"दमणारच. लहान होती." तिनं पुन्हा चमचा भरला. "अजून?"

बाहेर तिच्या टेबलापाशी कुणीतरी कपड्यांसाठी हाका मारत होतं. ती उठली नाही.

त्या दुपारी आणि पुढच्याही दुपारी ती येऊन बसली. दादा प्यायचे, ती विचारायची. नवरा तेवढा वेळ घरात थांबायचा नाही. मग एका सकाळी दादा गेले. फार उशीर झालेला होता. दवाखान्यात लिहितात तसं लिहायचं तर हृदयक्रिया बंद पडून.

मोटारवाल्यानं मोटार आणून बसवली. बटण दाबताच घर पुन्हा घरघरायला लागलं. पाइप खोकला, लालसर पाणी ओकला, मग स्वच्छ धार टाकीत पडू लागली. नवरा सुटल्यासारखा अंघोळीला गेला. सिस्टर मोरीत बसून साठलेल्या चादरी घासू लागली.

परसाच्या भिंतीपलीकडून इस्त्रीवालीचा आवाज आला. तिनं मोटारीपेक्षा मोठ्यानं ओरडायला हवं होतं, पण ती ओरडली नाही. सिस्टरला जवळ जावं लागलं.

"सिस्टर, जरा मोटार बंद करता का?"

टाकी अजून अर्धीही भरली नव्हती. आतून नवरा विचारत होता, पाणी बारीक का झालं म्हणून. सिस्टर बंद केलेल्या बटणावर हात ठेवून उभी होती, आणि भिंतीपलीकडं इस्त्रीवालीनं डोळे मिटले होते.