शिक्क्याची पाकिटं

सरकारी सांभाळातून बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या पायावर उभं करणं, हे माझं काम. माझ्या वाट्याला अशी एक्केचाळीस मुलं आहेत आणि मला पाय दोनच, म्हणून दर महिन्याची भेट मुंगीला अकरा आठवड्यांनी मिळाली. ही सबब आहे हे मलाही कळतं.

मुंगी हे तिला सांभाळणाऱ्या काकूंनी ठेवलेलं नाव, पोरगी एका जागी बसत नाही म्हणून. आता ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालते. तिसऱ्या मजल्यावर तिची एका खिडकीची खोली आहे. मी आत शिरले तर पलंगाशेजारी एक छोटी नवीकोरी गादी. भावासाठी. बारक्या नऊ वर्षांचा, दुसऱ्या कुटुंबात वाढतो आणि रविवारी तिला भेटतो. त्याला रात्री इथे राहायची परवानगी मिळावी, एवढ्यासाठी ती राब राब राबत होती.

"आता तरी देतील ना हो परवानगी, मॅडम? गेले तीन रविवार तो आलाच नाही. सर्दी झालीय म्हणे."

"तीन रविवार सर्दी? नाक आहे की नळ?"

ती खळखळून हसली. मग फळीवरून तीन पाकिटं काढून तिने माझ्या हातात दिली. तिन्हींवर बाल न्यायालयाचा शिक्का होता आणि एकही फोडलेलं नव्हतं.

"अगं, वाचली नाहीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना."

सांगितलं होतं. सांभाळात होती तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. पंधराव्या वर्षी आईबद्दलचं न्यायालयाचं पत्र तिने एकटीने वाचलं आणि दोन दिवस गायब झाली. तेव्हापासून शिक्क्याचं पाकीट माझ्यासमोरच फोडायचं, असा नियम केला. काकूंचं घर सोडताना तो मागे घ्यायला हवा होता. मी उलट पुन्हा बजावलं आणि मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मागे एकदा ती फोनवर म्हणालीसुद्धा, "पत्र आलंय." मी घाईत होते. "ठेव, येतेच," म्हटलं.

पहिलं पत्र मी उभ्यानेच वाचलं. बारक्याचं कुटुंब त्याला कायमचं दत्तक घेऊन दुसऱ्या शहरी जाणार होतं. बहिणीला काही म्हणायचं असेल तर तिने अमुक तारखेला हजर राहावं, न आल्यास हरकत नाही असं समजलं जाईल. ती तारीख कधीच उलटून गेली होती. दुसरं पत्र तारखेची आठवण करून देणारं, तिसरं दत्तक मंजूर झाल्याच्या निकालाचं. मुंगी सज्ञान झाल्यामुळे मला कशाचीच प्रत आली नव्हती.

मी तिथल्या तिथे न्यायालयात फोन लावला.

"दाद मागायची मुदत परवाच संपली," तिथला कारकून म्हणाला. "पत्ता गोपनीय आहे. मुलगा अठराचा झाला की शोधेल बहिणीला, वाटलं तर."

"अहो, तिला पत्र वाचायला मिळालंच नाही!"

"सज्ञान आहे ना ती? मग कुणी हात धरला होता?"

मी फोन ठेवला. हात मीच धरला होता. मला स्वतःची किळस आली. मुंगीने आरडाओरडा करावा, मला घराबाहेर काढावं असं वाटत होतं. तिने मला बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली.  मग तिने तिसरं पत्र मागून घेतलं आणि ओळींवर बोट ठेवत सावकाश वाचू लागली. एका ओळीवर बोट थांबलं.

"'बालकाने बहिणीबाबत विचारणा केली. बहीण इच्छुक नसल्याचे त्यास समजावून सांगण्यात आले.'" तिने वर पाहिलं. "म्हणजे मला तो नकोय, असं सांगितलं त्याला?"

"हो," मी म्हटलं.

"मग गप्पच बसला असेल तो. मीच शिकवलंय त्याला, मोठी माणसं सांगतील ते ऐकायचं."