काचेवरचा उतार

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, पण गाण्यांची नाही हं! माझ्यात चित्रं काढायचा प्रोग्रॅम आहे. टेपरेकॉर्डरवरून मला घरच्या कॉम्प्युटरमध्ये भरायचे. सहा मिनिटं नुसती किरकिर, आणि मग टीव्हीवर रेघांचं खोकं गर्रकन फिरायचं! पुढून, मागून, वरून, सगळीकडून! लोक आ वासून बघायचे.

पण आधी एक कबूल करते. मला बनवणाऱ्याकडे कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा चिमूटभर होती. शेवटी मावेना, म्हणून त्याने एक सूचना खोडली : 'टीव्हीवर उंची जास्त दिसते, काचेवर माप घेऊ नका.' त्याने खोडली, पण मला ती पाठ होती.

मी गेले एका सुताराच्या घरी. त्याची मुलगी चौदा वर्षांची. सारखी पेन्सिली कुरतडायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. तिचे आबा चाकांच्या खुर्चीत. दाराशी तीन पायऱ्या, त्यामुळे दोन वर्षं बाहेर पडलेच नव्हते. खारूने ठरवलं, पायऱ्यांवर लाकडी उतार करायचा. आठ दिवस माझ्याशी झटली आणि उतार काढला, अगदी झकास!

"आबा, रविवारी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर तुमची हजेरी!"

"दाढी करून ठेवतो गं," आबा म्हणाले.

बाबांनी पट्टी घेतली आणि थेट टीव्हीच्या काचेला लावली.

"अहो, टीव्हीला शर्ट शिवताय का?" आई हसली.

सगळे हसले. मी आतून ओरडत होते, पण मला कुठला आवाज! काचेवर लांबी उंचीच्या सहापट भरली. खारूने काढली होती आठपट. बाबांनी सहापट धरून फळ्या कापल्या. उतार झाला आखूड आणि उभा.

रविवारी खुर्ची अर्ध्यावर गेली, बाबांच्या हातून निसटली, आबा पडले. मनगट मोडलं. बाबांनी लगेच दुसरा लांब उतार केला, पण आबा म्हणाले, "राहू दे रे. खिडकीतूनही छान दिसतं." ते परत बाहेर गेलेच नाहीत. खारूने मला खणात टाकलं.

मित्रांनो, परवा इतक्या वर्षांनी खण उघडला. खारूचे केस पिकायला लागलेत.

"बाबा, चित्र माझंच चुकलं होतं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? माप मी घेतलं."

"पण काढलं मी ना!"

दोघांचेही डोळे भरले, आणि खरी गुन्हेगार त्यांच्या पुढ्यात गप्प पडलेली!

म्हणून सांगते, आपल्यात काय खोट आहे हे माहीत असेल तर आधी तेच सांगा. जागा नसेल तर दुसरं काहीही खोडा, ते नको. आणि कधी त्या घरी गेलात तर दोघांना एवढं सांगाल? चूक त्यांची नव्हती. कुणी सांगितलं नाही, तर ते आपले एकमेकांची माफीच मागत बसतील.