आप्पांनी उचललेला फोन

लातुरातल्या एका कोचिंग क्लासचा मॅनेजर रेणुकादास अर्ध्या पगारावर भांड्यांच्या दुकानात काम मागायला गेला, तेव्हा मालक विरूपाक्षआप्पांना शंकाच आली. "खरं सांगा, तिथं काही घोटाळा केलात का?"

"नाही हो आप्पा. साहेब लई ओरडतात. झोप उडालीय माझी."

"ओरडण्यापायी एवढा पगार कुणी सोडतं व्हय?"

तेवढ्यात साहेबांचाच फोन आला. रेणुकादासनं मोबाइल तसाच वाजत काउंटरवर ठेवून दिला, तसा आप्पांनीच तो उचलला. ते "हॅलो" म्हणायच्या आतच पलीकडून असा भडिमार सुरू झाला, की आप्पांनी फोन हातभर लांब धरला आणि शेवटी बंदच करून टाकला.

"मग उद्यापासून येऊ?" रेणुकादासनं भीत भीत विचारलं.

"उद्या कशाला? आत्ताच गल्ल्यावर बसा," आप्पा घाम पुसत म्हणाले. "आन् आधी घोटभर पाणी प्या. मलाबी द्या."