त्र्याऐंशी टक्क्यांवर

बारक्या सव्वीस वर्षांचा आणि सहा फूट एक इंच होता, पण घरात पडलेलं नाव माणसाबरोबर वाढत नाही. आईची दातांची लॅब होती. आई कवळ्या बनवायची, बारक्या संगणक सांभाळायचा, आणि दोनशे गिऱ्हाइकांचे जबडे मोजमापांसकट कोपऱ्यातल्या एका सर्व्हरमध्ये राहायचे. तो गेला असता तर दोनशे माणसांना पुन्हा येऊन आ करावा लागला असता.

सर्व्हर दादाने बसवला होता, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायच्या आदल्या आठवड्यात. दादाला नव्याचा सोस, म्हणून त्याने त्यावर ऑपरेटिंग सिस्टीमची प्रिव्ह्यू बिल्ड घातली. प्रिव्ह्यू म्हणजे कंपनीने अजून पुरती न भाजलेली. आपण चाखायची आणि कुठे कच्ची आहे ते कळवायचं. काही महिन्यांनी तिची मुदत संपते. त्याआधी पुढची बिल्ड तिच्यावरच चढवायची, आतलं काही न हलवता. घरात माणसं झोपलेली असताना त्यांच्याखालची फरशी बदलावी, तसं.

हे सहसा फसतं. पहिल्या वेळी त्र्याऐंशी टक्क्यांवर तीन तास अडकलं आणि सगळं मागे फिरलं. दुसऱ्या वेळी चढलं, पण सगळ्यांची ओळख पुसली गेली आणि आई आठवडाभर स्वतःच्याच लॅबमध्ये 'पाहुणा' या नावाने काम करत होती. तिसऱ्या वेळी 'फाइली ठेवा' हा पर्याय करडा पडला. 'काहीही ठेवू नका' तेवढा ठळक होता.

दर वेळी दादाला फोन करावा लागे. एरवी दादाशी बोलणं अवघड होतं. बारक्याने सहज फोन केला की तो विचारायचा, "काय बंद पडलंय?" काहीच पडलेलं नसलं की दोघंही ओशाळायचे.

पण बिल्ड चढताना नुसतं थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात दादा बोलायचा. गेल्या वेळी सेहेचाळीस ते एकसष्टच्या दरम्यान त्याने सांगितलं होतं की नव्या घरात त्याला झोप येत नाही. सत्तरला विचारलं होतं, आई चष्मा लावते का. बारक्याला ते आकडे पाठ होते.

पक्की आवृत्ती कधीच बाजारात आली होती. एकदा बसवली की वर्षानुवर्षं तिच्याकडे बघायला नको. बारक्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. आईला ते शेवटी एका गिऱ्हाइकाकडून कळलं, ज्याचं तोंड ती तपासत होती.

"पक्की मिळते, तर आपण कच्ची का वापरतोय?" तिने विचारलं.

"सवय."

"या रविवारी पक्की घाल. आणि दादाला सारखं पिडणं बंद कर."

रविवारी सकाळी लॅब रिकामी होती. फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसून बारक्याने फोन लावला.

"बोल. कितीवर अडकलंय?"

"अजून सुरूच केलं नाही."

"मग मी काय करू?"

"म्हटलं, सुरुवातीपासून असावास."

दादाने सुस्कारा टाकला, पण फोन ठेवला नाही. बारक्याने बटण दाबलं.

"वीस," तो म्हणाला. "अरे, चाळीस."

"इतक्यात? बॅकअप घेतलास ना?"

"दोनदा."

"शहाणा झालास."

"साठ. दादा, झोप येते का आता तुला?"

"येते की. म्हणजे—"

"त्र्याऐंशी," बारक्या घाईने म्हणाला. "आता बघ, अडकणार."

दोघंही वाट बघत राहिले.

"चौऱ्याऐंशी," बारक्या पडेल आवाजात म्हणाला.

एकोणीस मिनिटांत काम फत्ते. फाइली जागच्या जागी होत्या. दोनशे जबडे होते. आई पाहुणी नव्हती. इतकं वाईट यापूर्वी कधीच झालं नव्हतं.

"झालं," बारक्या म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

"छान. आता परत करायला नको."

"नाही. पक्की आहे ना."

तिकडे नळ वाहत होता. दादा भांडी घासत असावा.

"चल मग," दादा म्हणाला. "ठेवतो."

"प्रिंटर चालत नाहीये."

लॅबमध्ये प्रिंटर नव्हता. एकच होता, तो दादाने जाण्याआधी खांद्यावर घेऊन भंगारवाल्याकडे नेला होता, आणि वायर जमिनीवर घासू नये म्हणून बारक्या ती धरून मागे मागे चालला होता.

तिकडे नळ बंद झाला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"दिवा कुठला लागलाय?" दादाने विचारलं. "हिरवा की केशरी?"

बारक्याने भिंतीलगतच्या रिकाम्या टेबलाकडे नीट निरखून पाहिलं.

"केशरी."

"मग वेळ लागणार," दादा म्हणाला. "आधी सगळे कागद बाहेर काढ. सावकाश काढ."