वालपरायझोची भिंत

ईस्टरच्या आठवड्यात मी कार्डिफहून पोर्थ-कॅडोला आले ती आईला आवरायला. गेरायंटचा फोन आला होता. गेरायंट माझा चुलतभाऊ. खेकडे पकडतो आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते बघतो. काकू समुद्राकडच्या भिंतीला चुना द्यायला निघाली आहे, तू ये, म्हणाला.

आमच्या घराचं नाव वालपरायझो. कप्तान पणजोबा चिलीतल्या त्या बंदराहून शेवटचे परतले आणि त्यांनी हे घर बांधलं. तेव्हापासून दर ईस्टरला ती भिंत पांढरी करायचं काम आमच्याकडे. भिंत आणि चॅपलचं धुराडं एका रेषेत आलं, की बोट दोन खडकांमधून नीट आत येते. पण घरातला माणूस समुद्राने नेला, तर वर्षभर भिंतीला चुना लावायचा नाही, अशी गावची रीत. बाबा फेब्रुवारीत गेले. बोट सापडली, बाबा सापडले नाहीत.

मला रडू आलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. चॅपलमध्ये प्रार्थना चालली होती तेव्हा मी पुढच्या बाईच्या टोपीवरचं पीस बघत बसले होते. लोक म्हणाले, नेस्टा खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं.

बसमधून उतरून दूध घ्यायला दुकानात शिरले, तर दुकानातली मेगन गल्ल्यावरून वाकून आईबद्दल हळूच म्हणाली, ओलवेन अजून वाट बघतेय गं त्याची, भिंत दिसली की तो येईल असं वाटतं तिला. सगळ्या गावाचं तेच मत होतं. माझंही.

आई शिडीवर होती, बाबांच्या स्वेटरमध्ये. खाली गेरायंट तोंड पाडून शिडी धरून उभा. मी तिला आधी चहाला बोलावलं, मग जेवायला. ती काही उतरेना. शेवटी जे बोलायला आले होते ते बोलले.

"आई, बाबा येणार नाहीत."

तिने ब्रश बादलीत बुडवला. "मला सांगतेस होय? आला असता तर एव्हाना चार वेळा चहा मागून झाला असता."

"मग हे कशाला?"

"ह्याला विचार. परवा पावसाच्या झडीत खडकांबाहेर घिरट्या घालत होता. आभाळ करडं, भिंतही करडी. मी खिडकीतच होते. आणि संध्याकाळी येऊन मला सांगतो, सगळं ठीक आहे काकू."

"वाट दाखवणारं यंत्र आहे की बोटीत," गेरायंट पुटपुटला.

"तुझ्या काकाच्याही बोटीत होतं."

रीत मोड, असं आईला कोण सांगणार होतं? सगळे गप्प बसले होते आणि तसेच समुद्रावर जात होते.

"तुझे बाबा गेले," आई मला म्हणाली. "हे सगळे अजून जातात."

मी दुसरा ब्रश घेतला आणि खालच्या बाजूने सुरुवात केली. चुना मनगटावर उडाला, तिथे चांगलाच झोंबायला लागला. फेब्रुवारीपासून मला जाणवलेली ती पहिली गोष्ट. मी तो पुसला नाही.