साठवर काटा

आमचे मालक मिठागरातल्या गोणी सायकलीवर वाहायचे, तेव्हापासून टायर मी अंगठ्यानं बघते. अंगठा आत गेला की हवा कमी. आमच्या जासई गावात माझ्या अंगठ्याला चूक म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

म्हणून सकाळी नातीच्या, मनस्वीच्या सायकलीचा टायर दाबला नि कपाळाला हात लावला. एवढी मिरवायची सायकल, आणि टायर पिकल्या केळ्यासारखे. पोरगी आंघोळीला गेली तशी मी पंप लावला, काटा साठवर नेला, दोन्ही चाकं दगड केली. चहा पिऊन ती घाईत निघून गेली.

माझा मुलगा प्रीतम दात घासत बाहेर आला.

"पंप कोनी काढला?"

"मी. तुमच्यानं होत नाय म्हनून. साठ मारली."

त्याचा ब्रश तोंडातच थांबला. "आई, ती अठ्ठावीस ठेवते."

"मग पायात बळ नाय तिच्या."

"खडीवर चालवते ती. तितं टायर मऊच लागतो, खडीला धरून चालतो. टनक असला की उडतो, सटकतो. आज टेकडीचा उतार उतरनार हाय ती."

तो उतार कुठं संपतो ते मला माहीत होतं. कंटेनरच्या ट्रेलरांच्या रस्त्यावर.

त्यानं तिला फोन लावला. तो घरातच वाजला, चार्जरवर.

मी एकाच पायात चप्पल घालून स्कूटरवर बसले. भेटेल त्या ट्रेलरच्या चाकांखाली बघत होते. बघायचं नव्हतं, तरी. प्रीतमला हळू चालव म्हणाले, मग जोरात चालव म्हणाले. तो समोर बघून चालवत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उताराच्या तोंडाशीच सायकल आडवी पडलेली. शेजारी पोरगी बसलेली, कोपर सोललेलं. मी स्कूटरवरून उतरले.

"पहिल्याच वळनाला चाक सटकलं," ती म्हणाली. "मग खाली गेलेच नाय. हवा सोडत बसलेय. पप्पा, तुमी मारली?"

प्रीतम माझ्याकडं बघेना. खालून एक ट्रेलर गेला, पायाखालची खडी हलली.

"मी मारली," मी म्हणाले. सासूसमोरसुद्धा मी कधी चूक कबूल केली नव्हती.

तिनं माझा अंगठा धरून टायरवर ठेवला. "एवढा आत गेला पायजे, आजी. बघ."

मी दाबला. अंगठाच इतका थरथरत होता की टायर मऊ का कडक, काही कळेना.

"परत दाब," ती म्हणाली.